दुपारचा डिस्को

दारातल्या मुलीने माझ्या मनगटाला चमकणारी पट्टी बांधली आणि म्हणाली, "आता तुम्ही एकोणीस वर्षांच्या आहात. आत जे होईल ते होऊ द्या." मी चोपन्न वर्षांची आहे, डाव्या गुडघ्याला पट्टा लावते, आणि ज्या डिस्कोचं तिने प्रदर्शन मांडलं होतं तिथे मी खरोखरची एकोणीस वर्षांची होते. हे तिला ठाऊक होतं. तिनेच मला हुडकून काढून उद्घाटनाआधी एकदा बघायला बोलावलं होतं. पण वाक्य पाठ केलेलं, त्यामुळे ते म्हणायलाच हवं होतं.

शेड तीच, वालीव गावातली, पत्र्याची. बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, रविवार म्हणून बंद. आत शिरले तर छताला काळं कापड, त्यावर चांदण्या, कोपऱ्यात निळा चंद्र. मी म्हटलं, "हा कशाला? आमचा डिस्को दुपारी असायचा." रविवारची जेवणं उरकली की सुरू आणि दिवेलागणीच्या आत बंद. दिवे लागल्यावर मुलगी बाहेर राहिली तर पुढच्या रविवारी तिला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, हे चालवणाऱ्या पोरांना कळत होतं. खिडक्यांना गोणपाटं ठोकून अंधार करायचो. घामाघूम होऊन बाहेर आलं की ऊन सणकन डोळ्यांत जायचं.

"पण काकू, आम्ही जाहिरात नाइटक्लब म्हणून केलीय," ती म्हणाली. चंद्र राहिला.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'बंडखोर तरुणाईची चळवळ' असं लिहिलं होतं. आमची कसली आलीय चळवळ? चर्चच्या गाणाऱ्या मंडळातली गिटार वाजवणारी कॅथलिक पोरं, आमच्या होळी गावातली भाजीवाल्यांची पोरं, पाचूबंदर गावचा एक ड्रम बडवणारा. पोरांनी केस वाढवले, आम्ही मुलींनी कापले. हुंडा घेतलेल्या लग्नात जेवायचं नाही असं ठरवलं आणि बऱ्याच जणांनी ते पाळलं, घरच्यांची बोलणी खाऊन. घरी वेगवेगळ्या बोलीत बोलणारे आम्ही तिथे एकमेकांच्या बोलीची टिंगल करत एकाच ताटात खायचो. एवढंच. पण ते माझं होतं, आणि त्याआधी किंवा नंतर इतकं माझं काहीच नव्हतं.

प्रदर्शनात पुढे अचानक दिवे लाल झाले आणि चारी बाजूंनी पत्र्यावर काठ्या बडवल्याचा आवाज आला. कोणीतरी जाड आवाजात ओरडलं, "बंद करा हा तमाशा!" मी दचकले, मग भडकले.

"असं झालंच नव्हतं," मी तिला सांगितलं.

झालं होतं ते असं. एका रविवारी आमच्याच पोरांनी बसवलेलं एक नवं गाणं पहिल्यांदाच चालू होतं, मी मधोमध नाचत होते, आणि दारात माझे वडील उभे राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्या तशा, आणि आत येऊन भिंतीकडेच्या बाकावर बसले. ओरडले नाहीत, माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसते बसले. ड्रमवाल्याने त्यांना पाहिलं आणि गाणं अर्ध्यातच थांबलं. मग आपल्याकडे मोठं माणूस आल्यावर जे करतात ते मी केलं, तांब्या-भांडं घेऊन त्यांना पाणी दिलं. लाल-हिरव्या दिव्यांत उभी राहून! ते म्हणाले, "पानी गोड हाय." दिवे लागायची वेळ होईतो ते तसेच बसून राहिले आणि एकाचाही पाय हलला नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर आणखी म्हातारे आले. त्यापुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून कॅथलिक वाड्यांतलेही आले. एरवी बांधावरून एकमेकांशी न बोलणारी ही माणसं मांडीला मांडी लावून एका बाकावर बसली. जे आम्हाला करायचं होतं ते त्यांनीच करून दाखवलं, आणि कशासाठी, तर आम्हाला गप्प करायला! मारझोड झाली असती तर आम्ही लढलो असतो. बसलेल्या म्हाताऱ्यांशी लढायचं कसं? महिन्याभरात शेडला कुलूप लागलं. ड्रमवाला आखातात गेला, माझी जिवाची मैत्रीण कॅनडात. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

सगळं ऐकून मुलगी म्हणाली, "पण काकू, नुसते बसले हे लोकांना कसं दाखवायचं? त्यात ड्रामा नाही ना." मग तिने मला खूश करायला सांगितलं, "तुमचं ते गाणं मिळालंय. कोणाकडे तरी कॅसेट होती. अख्खं."

अख्खं! तिथून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्या गाण्याचा शेवट मी कधी नाचलेच नव्हते. एकदाच, त्या शेडमध्ये, ते गाणं संपेपर्यंत नाचायचं, बस्स. बाकी काही नको होतं. आठवडाभर मी आमटीत दोनदा मीठ घालत होते, वर्गात एकाच मुलाला पुन्हा पुन्हा फळ्याकडे बोलावत होते, घरी आले की या खोलीतून त्या खोलीत. नवरा म्हणाला, "बस ना जरा." बसण्याचं नाव काढू नकोस, म्हटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी होळीला माहेरी गेले, तर आबा पांढरा सदरा दोरीवर वाळत घालून बसलेले. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत. प्रदर्शनाचं त्यांनी माझ्या भावाकडून ऐकलं होतं.

"मी पन येनार," ते म्हणाले.

"तिथे धूर सोडतात, आबा. खोकला येईल."

"येऊ दे."

"पायऱ्या आहेत."

"त्या मना म्हाईत हायत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं मी यांची औषधं आणली, यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करवली, आणि एकदाही 'तुम्ही का आलात तिथे' म्हणून विचारलं नाही. आता एक दुपार मागतेय तर तीही यांना हवी! पण नाही म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षात ते काठी धरून ताठ बसले होते आणि मी बाहेर बघत होते.

दारात त्यांच्याही मनगटाला पट्टी बांधली आणि तेही एकोणीस वर्षांचे झाले. त्यांनी वाकून चपला काढल्या. मुलगी म्हणाली, "राहू द्या आजोबा, नाही काढल्या तरी चालतं." त्यांनी काढल्याच. आत बाक होता. गेले आणि बसले.

दिवे लाल झाले, काठ्या वाजल्या, जाड आवाज ओरडला.

"ह्यो कोन वरडते?" आबांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी कवा वरडलो?" ते खरोखर दुखावले होते. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

मग गाणं लागलं. कॅसेटची खरखर, त्यातून ती गिटार. पंचवीस-तीस तरुण पोरंपोरी नाचायला लागली. आबा समोर बसलेले असताना! कोणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका मुलीचा धक्का त्यांच्या गुडघ्याला लागला, ती "सॉरी आजोबा" म्हणून नाचतच पुढे गेली. ते इकडून तिकडे बघत होते, कोणीतरी थांबेल म्हणून वाट बघितल्यासारखे.

थांबलेली फक्त मी होते. गाणं अर्ध्यावर येत चाललं होतं आणि माझे पाय जमिनीला खिळलेले. रडू फुटायचंच बाकी होतं.

आबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग काठीवर जोर देऊन उठायला लागले. "माज्यामुळं काय? मी भायेर बसतो."

तरुणपणी हे वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. आता ते आलं तर मला नकोच होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं.

"बसा," मी म्हटलं. "आणि बघा."

आणि नाचले. वाईट नाचले, गुडघा कुरकुरत होता, पदर कमरेला खोचला तरी सुटत होता. गाणं जिथे तुटलं होतं ती जागा आली आणि गेली, पुढची चाल मला येत नव्हती, तरी नाचत राहिले. आबांनी मान वळवली नाही. शेवटी ड्रमचा एक ठोका चुकला, कॅसेटमध्ये कोणीतरी हसलं आणि गाणं संपलं.

मी धापा टाकत बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

"येवढंच व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो आबा," मी म्हटलं. "एवढंच होतं."