वाटीभर दही

आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवतात. मी घरची मोठी सून, सातवी पास, तीन बाळंतपणं जवळून पाहिलेली. म्हणजे माझ्या मते अर्धी डॉक्टरच. म्हणून धाकट्या जावेला पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला खामगावला नेताना मी हातावरच्या दह्यावर थांबले नाही. वाटीभर दह्यात भाकर कुस्करून चारली.

"बाई, डॉक्टरनं उपाशी या म्हटलं," ती म्हणाली.

"त्याले बोलायले काय जाते! रिकाम्या पोटी चिरफाड सोसन का तुले? खाय मुकाट्यानं."

वावरात बीटी बियाण्याची पहिली कपाशी फुटून पांढरी झाली होती. वेचणीत जावेच्या हाताला तोड नव्हती. ती लवकर उभी राहावी, एवढीच माझी घाई.

भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" जावेने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच दिलं, "पाण्याचा थेंब नाही जी."

तासाभराने डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले. भूल देताच तिच्या पोटातलं वर येऊन श्वासनळीत उतरलं होतं. ते म्हणाले, "भूल म्हणजे नुसती झोप नाही. झोपेत घशात काही गेलं तर ठसका लागून माणूस उठतो. भुलीत ठसकाच बंद पडतो. पोटातलं आंबट पाणी फुप्फुसात गेलं की आतून भाजतं. म्हणून उपाशी ठेवतो."

पाच दिवस ती ऑक्सिजनवर होती. बोलू लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कोनं चारलं हिले?" माझी जीभ टाळूला चिकटली, आणि मला तर कोणी भूल दिली नव्हती.

जाऊच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच खाल्लं. भूक लागली होती."

घरात तिचं नाव 'हावरी' पडलं. वेचताना अर्धी ओळ झाली की तिला धाप लागायची, बांधावर बसायची. पुढे बोंडअळी बीटीलाही जुमानेना, आम्ही कपाशी सोडून सोयाबीन पेरलं, पण पंगतीतली हाक सुटली नाही: "हावरीले वाढा आधी!" आणि मी, शहाणी, सगळ्यांसोबत हसायचे.

गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळपासून जाऊ खोलीच्या दारात बसून होती. सुनेला चहासुद्धा आत आणू दिला नाही. भुलीतून बाहेर येताना माणूस खरं बोलतो म्हणतात. तेवढ्या आधारावर मी बोलून टाकलं, "दही म्या चारलं होतं. तिनं चोरून नाही खाल्लं."

नातवंडं खिदळली, "आजी भुलीत बडबडून राह्यली!"

जाऊ हसली नाही. मला पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून तिने ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरवला. "निजा आता, बाई."

आज पोटात दोन भाकरी आहेत आणि डोकं ठिकाणावर आहे. घरच्यांनी वाचावं म्हणून लिहिते: दही मी चारलं. हावरी मी होते, तिच्या वेचणाऱ्या हातांची.