जलंब जंक्शनवरचे तीन साहेब

हसू नका म्हणलं तरी तुमी हसानच, म्हणून पयलेच कबूल करतो. त्या दिवशी जो गाढवपणा झाला तो एकट्या माहा होता. गफ्फारभाईचा त्यात काहीच दोष नाही. जीप त्याची होती, अक्कल माही होती.

बीटी कापसाची पऱ्हाटी आमच्या गावात येऊन चार-पाच सालं झाले असतीन. त्या वर्षी तिच्यावर लाल्या रोग आला. पानं लालभडक, बोंडं चिंचोक्याएवढी, अख्खं शिवार पेटल्यावानी दिसे. पंचनामा झाला तरच गावाच्या हाती काही लागणार होतं, अन् पंचनाम्यासाठी तीन साहेबांचं पथक येणार होतं. तालुक्यातून निरोप आला का साहेब सकाळच्या गाडीनं जलंब जंक्शनले उतरतीन, गावानं गाडी पाठवावी.

मंग पारावर भांडण लागलं, साहेबाले वावर कोणाचं दाखवायचं! एरवी जो तो आपली पऱ्हाटी छातीएवढी हाय म्हणून सांगे. त्या दिवशी जो तो आपलीच कशी मेली ते छाती ठोकून सांगून राह्यला. दोघं तं हातघाईवर आले. शेवटी माहं वावर सगळ्यात खराब ठरलं. बाप्पा, मले इतका मान माह्या लग्नातही भेटला नव्हता. त्याच तोऱ्यात म्या म्हणलं, साहेबाले आणाले मीच जातो.

आता जलंबचं टेसन तुमाले माहीत हाय. उतरणाऱ्यांतले निम्मे खामगावच्या गाडीत बसते. बाकीच्याईले शेगावचं दर्शन घ्याचं असते, नाहीतर लोणारचं सरोवर पाहाचं असते. म्हणून जीपवाले बाहेर उभेच.

गाडी आली. डब्यातून एक जाडे साहेब उतरले, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. मागं बाईसाहेब, काळा चष्मा, हातात वही. त्याईच्या मागं एक बारीक साहेब, दोन्ही हातात पाण्याच्या बाटल्या. वही, कॅमेरा, पाण्याची बाटली. पथक ओळखाले आणखी काय लागते, सांगा बरं?

गफ्फारभाई हळूच म्हणे, "नाना, एकदा नाव तं इचारून घ्या."

"साहेबाले नाव इचारते का कोणी?" म्या म्हणलं. "अपमान वाटते त्याईले."

आमच्याकडची रीतच हाय ही. साहेब म्हणजे साहेब, त्याले तू कोण म्हणून इचाराचं नसते. म्या तिघांच्या गळ्यात हार घातले, नारळ देल्ले अन् जीपमंधी बसवलं. गफ्फारभाईनं रस्त्यात आणखी दोनदा मले कोपरानं ढोसलं. म्या त्याच्याकडे पाह्यलंच नाही.

वावरात पोचलो तं जाडे साहेब जाग्यावरच थांबले. "वाह! क्या रंग है!" म्हणे, अन् कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. मले वाटलं, मानूस अभ्यासू दिसते. बाईसाहेबांनी तीन लाल पानं तोडून वहीत ठेवले. मले वाटलं, तपासणीले चालले. मंग त्यायनं इचारलं, इतना लाल कौन से महीने में होता है? म्या सगळं सांगितलं, कधी पिवळं पडते, कधी लाल होते, कधी गळते. त्यायनं ते वहीत लिहूनही घेतलं. माही छाती अशी फुगली का बस.

मंग मलेच हार घालून वावरात उभं केलं अन् माहे फोटो काढले.

थोड्या वेळानं जाडे साहेब म्हणे, "अब सरोवर दिखाइए."

म्या म्हणलं, बरोबर हाय, पाण्याची सोय तं पाह्यलीच पाह्यजे. नेलं त्याईले माह्या शेततळ्यावर. आत टिचभर गढूळ पाणी अन् एक म्हैस. तिघं काठावर उभे राह्यले.

"इतना छोटा?" जाडे साहेब म्हणे.

"सरकारनं एवढंच मंजूर केलं, साहेब."

"ये उल्का गिरने से बना है न?"

"नाही साहेब. जेसीबीनं."

तवा बारीक साहेबानं पिशवीतून एक छापील कागद काढला. त्याच्यावर लोणारच्या सरोवराचं चित्र. ते बिचारे कलकत्त्याचे फिरस्ते होते, त्यायनं लोणारसाठी जीप ठरवेल होती, अन् मीच थो जीपवाला हाय असं समजून ते बसले होते. गफ्फारभाई म्हैशीकडे पाहात उभा राह्यला.

त्याईले घेऊन जंक्शनवर पळत आलो तं पथक नाही. टेसनावरचे म्हणे, त्या फिरस्त्याईसाठी आलेल्या लोणारवाल्या जीपवाल्याले तीन माणसं न्याची होती, तीन उभी दिसली, घेऊन गेला. त्यानंही नाव इचारलं नाही.

पथकाचे ते तिघं साहेब लोणार पाहून दिवस बुडता बुडता परतले, एकदम खुशीत. मोठे साहेब माहा हात हातात घेऊन म्हणे, "तुमच्या गावानं फारच सुंदर नियोजन केलं. शेत तेवढं पाहायचं राहिलं." अन् गाडीत बसले.

पुढं तालुक्याच्या हापिसात खेटे घातले. तिथले साहेब म्हणे, लाल्या होता याचा पुरावा आणा. आता कुठून आणू? तोवर सगळ्या गावानं पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला होता. मंग आठवलं, कलकत्त्याच्या बाईसाहेबांनी जाताना पत्ता देल्ला होता. फोटो पाठवा म्हणून पत्र टाकलं. महिन्याभरानं जाडजूड पाकीट आलं. ते घेऊन अर्धं गाव माह्यासंगं हापिसात आलं, कारण आता त्या पाकिटावरच सगळं होतं.

साहेबानं एकेक फोटो टेबलावर मांडला. लालभडक पऱ्हाटी, झाडन् झाड साफ दिसे. पण हरेक फोटोत मधोमध मी, गळ्यात हार, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. काय करू? बाईसाहेब सारख्या "हँसिए, हँसिए" म्हणून राह्यल्या होत्या, अन् पथकाचा शब्द कसा मोडाचा?

साहेबानं फोटो पाह्यले, मले पाह्यलं, पाकीट माह्याकडे सरकवलं.

"हा नुकसान झालेला शेतकरी?" म्हणे. "मग नफा झाल्यावर काय करता?"

मागं अर्धं गाव उभं. अन् खरं सांगतो, भेवानं म्हणा का शरमेनं म्हणा, मी तेव्हाही दात काढूनच उभा होतो.