दुसऱ्या डायरेक्टरची सही

आमच्या कदमसाहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात मीही लिहावे असे ठरले, तेव्हापासून जीव धास्तावला आहे. माझे शिक्षण सातवी. चुकले तर सांभाळून घ्यावे.

साहेब मला प्रथम भेटले ते कांजूरमार्गच्या एका गाळ्यात. मी तिथे लेथवर होतो. मी कातलेला पितळी व्हॉल्व्ह त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि परत ठेवून गेले. काही महिन्यांनी बोलावून म्हणाले, "प्रायव्हेट लिमिटेड काढतोय. दोन डायरेक्टर लागतात. दुसरे तुम्ही."

कंपनी बुडाली तर आमची घाटकोपरची खोली जाईल का, असे बायकोने विचारायला लावले. साहेब हसले नाहीत. कायद्याने कंपनी हा वेगळा माणूस. बुडाली तर शेअरात घातलेले जाईल, खोली नाही, हे त्यांनी मला तीनदा समजावले. चौथ्यांदा घरी येऊन बायकोला.

कामगार चिडवत, "डायरेक्टर, आधी हात धुवा की."

आम्ही दोघे एकाच टेबलाशी बसत असू, तरी प्रत्येक सभेची नोटीस साहेब मला लेखी देत. इंग्रजी ठराव मराठीत सांगत. एकदा घाईत मी न ऐकताच सही केली. त्यांनी कागद फाडून नवा टाइप केला. म्हणाले, "सही म्हणजे अंगठा नव्हे."

आता कामे येत नाहीत. तीनपैकी दोन लेथ झाकून ठेवले आहेत. साहेबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले, तरी ते पोटमाळ्यावरच्या ऑफिसात चढून येतात. गेल्या सभेत त्यांनी कंपनी बंद करण्याचा ठराव मांडला. मी नाही म्हणालो. जवळजवळ सगळे शेअर त्यांचेच. माझ्यावाचूनही ठराव झाला असता. त्यांनी वहीत 'एक मत विरोधी' असे लिहिले आणि सभा पुढे ढकलली. "तुम्हाला पटेल तेव्हा," म्हणाले.

माझ्या एका 'नाही'साठी ते रोज जिना चढत आहेत, हे कळायला मला महिना लागला.

पुढच्या सभेत मी हो म्हणणार आहे. त्यांना अजून सांगितलेले नाही, इथेच वाचतील. त्यानंतर सकाळी उठून कुठे जायचे, मला ठाऊक नाही. या वयात मला लेथवर कोण उभे करणार? पुढे काही बरे घडेल असे वाटत नाही. तरी साहेबांना शंभरी लाभो, छातीत कळ न येवो, आणि कंपनीचा कुठलाही फॉर्म भरायची शेवटची तारीख नसलेल्या पुष्कळ सकाळी त्यांच्या वाट्याला येवोत.