चुना लागलेला चेंडू

मद्रासच्या रेल्वे कचेरीत जनकोजी दहा ते पाच कारकून असे, आणि सव्वापाचपासून काळोख पडेपर्यंत बॉल बॅडमिंटनचा गडी. लोकरीच्या पिवळ्या चेंडूचा हा पाचापाचांचा खेळ तो तंजावरला बापाकडून शिकला होता. मधली जागा त्याची; आठ वर्षं तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. अठ्ठावन्न साली टी. नगरचा राजगोपाल कचेरीत लागला आणि मागच्या फळीत उभा राहिला. खेळायचा झकास, वर स्वभावानं गोड. हा गोडवाच जनकोजीला जास्त झोंबे.

त्याच वर्षी डोळे दगा देऊ लागले. एक डाव खेळून अंग तापलं की चेंडू धुक्यात जाई. विहिरीचं पाणी डोक्यावर घेतलं की पाव तासात पुन्हा दिसू लागे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि म्हणाले, "खेळ सोडू नका. अंग तापलं की नजर मंदावते, निवलं की परत येते. सकाळच्या गारव्यात खेळा, मानेवर ओला टॉवेल ठेवा, अंधुक झालं की थांबा." थांबायचं म्हणजे मधली जागा राजगोपालला द्यायची. जनकोजीनं हे बायकोलाही सांगितलं नाही.

अंतिम सामना, तिसरा डाव, शेवटचा गुण. जनकोजीपुढे नुसता पांढुरका उजेड. चेंडू डोक्यावरून गेला आणि मागे राजगोपालची पावलं धावली. आता हा घेणार आणि वाहवाही याचीच होणार.

"सोड, बाहेर जातो," जनकोजी ओरडला. गर्दीच्या गलक्यात ते एकट्या राजगोपाललाच ऐकू आलं.

राजगोपालनं रॅकेट खाली घेतली. चेंडू चुन्याच्या रेघेवर पडला, सामना गेला, सगळे राजगोपालवर तुटून पडले. 'सोड' कुणी म्हटलं ते त्यानं सांगितलं नाही. जनकोजीनंही नाही.

मग जनकोजी बसला होता त्या झाडाखाली राजगोपाल ओला टॉवेल घेऊन आला. "मानेवर ठेवा, अण्णा. अंग तापलं की तुम्हास दिसत नाही, मज ठाऊक आहे. मागून रोज पाहतो मी."

"मग सोडलास कशास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

पाव तासानं नजर आली. पहिल्यांदा दिसला तो राजगोपालच्या हातातला चेंडू. लोकरीला चुना लागला होता.

जनकोजी उठला आणि कप्तानाला सगळं सांगितलं. तेव्हापासून तो सकाळी एकच डाव खेळे आणि टॉवेल गुंडाळून बाकावर बसे. मधल्या जागेवरून राजगोपाल मारी तो प्रत्येक चेंडू त्याला तिथून लख्ख दिसे, आणि प्रत्येक वेळी तो मनात जळे.