वरची मूठ

पांढरकवड्याच्या बाजारात माल मोजून झाला, की वरची मूठ फुकट घेतल्याशिवाय मी पोतं बांधू देत नाही. डोक्यावर ओझी वाहून हिरडा-बेहड्याचं दुकान उभं केलं, ते असंच. बायकोच्या साखरेच्या आजारासाठी गुडमारचा पाला घेतला तेव्हाही मूठ मागितलीच.

पाला विकणारी कोलाम बाई म्हणाली, "घ्या, सेठ. पण काढ्याच्या एका कपाले चारच पानं टाकजा. आन् गोळी चालू असन तर डॉक्टरले इचारून घेजा."

"मले नको शिकवू. तुया जन्माआधीपासून पाला इकून राह्यलो."

बायकोची साखरेची गोळी चालू होती, तरी डॉक्टरला विचारलं नाही. रोज सकाळी मीच काढा उकळायचो. तपासणीत साखर खाली येताना दिसली तशी माझी छाती फुगली. मग एके दिवशी चार पानांवर एक मूठ टाकली. घेताना वरची मूठ चांगली, मग देताना हात कशाला आखडायचा?

तासाभरात बायको घामाने भिजली. हात थरथरू लागले. साखर फारच उतरली, हे मला कळलं. मी चमचाभर साखर तिच्या तोंडात घातली. तिने ती थुंकून टाकली.

"माती कायले चारता मले?"

"माती? साखर हाय ते! गीळ!" मी ओरडलो आणि दुसरा चमचा कोंबला.

गुडमारने जिभेवरची गोडी जाते. गिऱ्हाइकांना पान चावायला देऊन ही गंमत मी कितीदा दाखवली आहे. त्या वेळी ती आठवली नाही. तिला खरंच मातीच लागली असणार, आणि भरवणारा मी.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा ती सावध झाली. डॉक्टर म्हणाला, "पोटातली एन्झाइमं साखर फोडतात, मग ती रक्तात जाते. या पाल्यातली काही द्रव्यं त्या एन्झाइमांना अडवतात. तुमची साखर पोटात गेली तरी लवकर फुटली नसेल. ग्लुकोज फोडावं लागत नाही. शिवाय साखर उतरवणारी गोळी चालू होतीच."

"म्हंजे पाल्यात दम हाय ना?"

"आहे, म्हणून तर बोलतोय. किती टाकला?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती?"

जन्मभर तराजू धरलेल्या माणसाला हे चारचौघांत विचारलं. बाकावरची माणसं हसली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रोज पहाटे चुलीपुढे उभा कोण राहत होता, ते कोणी विचारलं नाही.

बायकोने माझ्या हातचं पिणं सोडलं. परवा मी साधा चहा करून तिच्यापुढे धरला.

"यात काय हाय?"

"चहा."

"नुस्ता?"

"नुस्ता. लिहून देऊ का?"

तिने कप माझ्याकडे सरकवला. "आधी तुमी प्या."

डोकं भणाणलं. कप आपटावासा वाटला. पण मी बसलो आणि तिच्यादेखत अर्धा कप प्यालो. उरलेल्या अर्ध्याकडे ती बघत राहिली. चहावर साय धरली, तरी तिने हात पुढे केला नाही.