सुगुणाचे ब्याण्णव टक्के

तेलंगणात खम्ममकडच्या आमच्या इस्पितळात सुगुणाला सगळे 'साबणवाली' म्हणत. नर्स ती माझ्याच बरोबरची, पण वरून तिच्या गळ्यात एक नावडतं काम पडलं होतं. वॉर्डात उभं राहायचं आणि कोण डॉक्टर रोग्याला हात लावण्याआधी हात धुतो, ते वहीत टिपायचं. महिनाअखेर प्रत्येकाचे टक्के चहाच्या खोलीत भिंतीवर लागत.

"आली बघा मास्तरीण. अक्का, पाच मार्क वाढव की गं," तरुण डॉक्टर म्हणायचे.

"आधी नळ उघडा, मग मार्क मागा."

आधी ते चिडले, मग मुकाट्यानं धुवायला लागले. ऑपरेशनच्या टाक्यांत पू होणं निम्म्यावर आलं. मला तिचं कौतुक वाटे आणि थोडा धाकही.

एकाच माणसापुढे तिची लेखणी वाकली. डॉक्टर भूपतिराव. बतुकम्माच्या सणात तिच्या मुलाचं आतडं फुटलं, तेव्हा हा माणूस भरल्या ताटावरून उठून आला होता. त्यांचे खरे टक्के तीस. वहीत ती तीस लिहायची, भिंतीवर ब्याण्णव.

"ज्यानं लेकरू परत दिलं, त्याला नापास करू?" ती मला म्हणायची. मीही गप्प बसले. त्याची लाज अजून जात नाही.

सहा वर्षं हे चाललं. मग मिरचीच्या वखारीतली येल्लम्मा त्यांच्याकडे हर्नियाला आली. ऑपरेशन साधंच. रोज सकाळी ते स्वतः तिची जखम बघत, शेजारच्या खाटेवरून, नळाकडे न वळता, थेट तिच्याकडे येऊन. जखम चिघळली आणि अकराव्या दिवशी बाई गेली. त्यांच्याच हातून गेली की नाही, देव जाणे.

भूपतिराव खचले. "सुगुणा, तूच लिहितेस ना? माझ्याइतके हात इथं कुणी धुतं का? मग हे आलं कुठून?"

ते खरंच विचारत होते. माणसाला आपले हात स्वच्छच वाटतात.

सुगुणानं वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, शेवटपर्यंत.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, सार. तुमचे उपकार होते."

ते उठले, नळाशी गेले आणि बराच वेळ हात चोळत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "चार शिव्या दिल्या असत्या मी तुला. पण हात धुतले असते."