तिसऱ्या रांगेचा अर्क

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मावशी तिसऱ्या रांगेतला पांढरा उंदीर काट्यावरच्या डब्यात सोडत होती. औषध संशोधन संस्थेच्या तळघरातल्या प्राणीघरात पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं घालणं, वजनं घेणं यातच तिचे केस पिकले होते.

दुसऱ्या रांगेला चरबी कालवलेलं खाणं असे. ते उंदीर फुगून लोळागोळा झाले होते. तिसऱ्या रांगेला खाणं तेच, पण वर एका रानवेलीच्या पानांचा अर्क नळीने पोटात. ते मात्र सडपातळ.

मावशीलाही वजन उतरवायचं होतं, आणि ती हौस नव्हती. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. घरात हिचं एकटीचंच मूत्रपिंड त्याला जुळत होतं. सर्जनने अट घातली : आधी बारीक व्हा, मग ऑपरेशन. तिने जेवण निम्म्यावर आणलं, लिफ्ट सोडली, पण काटा जागचा हलेना. इकडे भावाच्या हातातली शीर, जिच्यातून रक्त डायलिसिसच्या मशीनमध्ये जायचं, दर खेपेला जास्तच त्रास देऊ लागली.

उरलेला अर्क मोरीत ओतायचा, असा नियम होता. एके दिवशी मावशीने तो पिऊन टाकला. कडूजहर! मग रोजच प्यायला लागली.

वजन उतरत गेलं. भाऊ शिंपी. शिलाई मशीन चालवायचं त्राण उरलं नव्हतं, पण टेप हातात आला की गडी पूर्वीचाच. बहिणीचा कामाचा कोट त्याने हातशिलाईने कमरेत दोनदा आवळला.

"ताई, फोटो काढून घ्यायला निघालीस की काय?"

"गप रे. तुझ्यापायी उपाशी मरतेय."

"आत कापड सोडलंय हां. पुन्हा फुगलीस तर उसवून देईन. तुझा काय भरवसा!"

मग एका दुपारी ती इस्पितळात सर्जनसमोर बसली.

"वजन उत्तम उतरलंय," तो म्हणाला. "पण यकृत बिघडलंय. काही काढा, पावडर घेता?"

"नाही."

खरं सांगितलं असतं, तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. ती तडक संस्थेत परतली आणि तिसऱ्या मजल्यावर संशोधक बाईंकडे गेली. तपासणीसाठी वर नेलेला उंदीर कधी खाली परत येत नसे. त्याच्या आत काय झालंय, हे मावशीला कधी दिसलंच नव्हतं. तिने पाहिला होता तो फक्त काटा.

"बाई, परवा आमच्या तिसऱ्या रांगेतले वर आले, त्यांची यकृतं कशी निघाली?"

"सुजलेली, पिवळी पडलेली. डोस जास्त होतोय. उद्यापासून निम्माच द्या. का हो?"

"सहज."

जिन्यात थांबून तिने सर्जनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"आजपासून बंद. तीन महिन्यांनी यकृत पुन्हा तपासू. सावरलं तर ठीक. आणि वजन वाढू द्यायचं नाही."

"तोवर भाऊ?"

"मशीनवर. शीर टिकली तर."

घरी येऊन तिने भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. ऐकून घेतलं, मग म्हणाला,

"तीन महिने? त्या कडू पाण्यावाचून? ताई, तुझी भूक मी लहानपणापासून ओळखतो. माझ्या ताटातलंसुद्धा सोडायची नाहीस."

तिला हसू आलं नाही. त्यालाही.

"कोट काढ," तो म्हणाला. "उसवून देतो. पोटभर जेव आता. माझं काय व्हायचं ते होईल."

"हात लावू नकोस कोटाला."

त्याने कात्री खाली ठेवली. तिने पानात अर्धी भाकरी घेतली, त्यातली निम्मी परत ठेवली आणि कोट अंगात ठेवूनच जेवली.

उद्या सकाळी सातला तिसऱ्या रांगेला अर्क द्यायचा आहे, निम्मा. भावाची मशीनवरची पाळीही सातचीच आहे.